मयतीतलं दुपारचं जेवण

इंचन
सोमवार, ११ मार्च

ताई,

पत्र बघून दचकू नकोस. मी बरी आहे, म्हणजे हातपाय धड आहेत. तू मला फोनवर बंद करून ठेवलं आहेस, म्हणून हा पोस्टाचा खटाटोप. वाचायचं नसेल तर तुझ्या खानावळीत मासे गुंडाळायला कागद होईल. पण आज कुणालातरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि 'कुणीतरी' म्हणावं असं मला तुझ्याशिवाय आहे कोण?

आज दुपारी मी एका मेलेल्या माणसासमोर दोनदा डोकं टेकवलं, मान वर केली, काळ्या फितीतला फोटो पाहिला आणि ओळखला. त्या माणसासमोर बसून मी गेले कित्येक महिने जेवत होते. गेल्या गुरुवारीसुद्धा. गुरुवारी त्याने मुळ्याच्या किमचीची वाटी माझ्याकडे सरकवली होती. मी मान लववली होती. बस्स, तेवढंच. त्याचं नाव मला आज कळलं, तेही दाराबाहेरच्या पाटीवर. योम दोंगसप.

आता तू म्हणशील, अगं सोल्ही, तू जेवतेस कुठे आणि कुणासमोर? सांगते. बसून वाच.

आमच्या ऑफिसात बाराला दहा कमी असताना प्रमुखसाहेब खुर्ची मागे सारतात आणि म्हणतात, "चला, जेवायला." की अकराच्या अकरा जण उठतात. प्रमुखसाहेब म्हणजे आमचे प्योसाहेब. ते ज्या हॉटेलात जातील तिथे सगळे, ते जे मागवतील ते सगळ्यांना, ते ज्या वेगाने खातील त्या वेगाने सगळे. मग कॉफी, तीही घोळक्यात. सकाळभर बॉयलर बिघडलेल्या गिऱ्हाइकांची बोलणी खाऊन माझ्या डोक्याचा भुगा झालेला असतो. तासभर कुणाचा आवाज ऐकू आला नाही तर मी संध्याकाळपर्यंत माणसात राहते. पण एकटीने जेवायला गेलं की दुसऱ्या दिवशी बोंगबाई गळ्यात हात घालून विचारणार, "काय गं, कुणाशी बिनसलं? घरी काही झालं का?" बोंगबाई माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात, मनाने वाईट नाहीत, पण तोंडाला झाकण नाही. आणि जवळपासच्या कुठल्याही कॉफीच्या दुकानात शिरावं तर आमच्याच ऑफिसचं कुणीतरी आधीच हजर.

गेल्या उन्हाळ्यात आमच्यातल्या एकाचे सासरे वारले. रीतीप्रमाणे सगळं ऑफिस काळे कपडे घालून मागच्या रस्त्यावरच्या हॉस्पिटलच्या तळघरात, मयतीच्या हॉलमध्ये गेलं. मी मागे राहिले होते आणि घाईघाईत भलत्याच खोलीत शिरले. फोटोला नमस्कार करून झाल्यावर कळलं की हे सासरे नव्हेत, कुणीतरी आजीबाई आहेत. आता नमस्कार केलेला परत कसा घेणार? सुतकातल्या माणसाने मला हाताला धरून बसवलं, समोर लाल तिखट मटणाचा रस्सा, भात, शेंगदाणे, तांदळाची वडी. खोलीत आणखी कुणी नव्हतं. आणि ताई, कुणी माझ्याशी एक शब्द बोललं नाही. मयतीत गप्प बसणं हाच शिष्टाचार! जो जितका गप्प तितका तो भला. त्या दिवशी अर्ध्या तासात मला जी विश्रांती मिळाली ती चेजू बेटावर सुट्टीत आठवडाभर राहूनही मिळाली नव्हती.

मग मी ऑफिसात दाढेचं दुखणं काढलं. आठवड्यातून दोनतीन दिवस, दुपारी दातांच्या डॉक्टरकडे. आणि हॉलमध्ये जाऊन पाट्या बघायच्या, ज्या खोलीबाहेर एकही पुष्पचक्र नाही, चपला नाहीत, त्या खोलीत शिरायचं. फुकटी नाही हं मी, रीतीचं पैशांचं पाकीट प्रत्येक वेळी टाकत होते. नमस्कारही मनापासून करत होते. कुणीच आलेलं नसताना एक बाई आली म्हणून त्या लोकांना बरंच वाटायचं. शप्पथ सांगते, मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तो माणूसही अशाच रिकाम्या खोल्या निवडायचा. पन्नाशी उलटलेला, कोट नीट इस्त्रीचा. तो पहिल्यांदा दिसला तेव्हा मला वाटलं, मेलेल्याचा नातेवाईक. दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या मयताला तोच दिसला तेव्हा आमची नजरानजर झाली आणि दोघांनाही कळलं. चोराला चोर भेटल्यावर काय करतात मला माहीत नाही. आम्ही जेवत राहिलो. त्यानंतर जिथे तो बसलेला असेल तिथे मी समोर बसायची, कारण दोन माणसं समोरासमोर असली की तिसरं कुणी बोलायला येत नाही. मला वाटतं, त्यालाही ते पटलं होतं.

आणि आज तोच फोटोत.

मी तशीच बसून राहिले होते. रस्सा घेऊन स्वयंपाकघरातली मावशी आली. या मावशीला मी आजवर भिंतीसारखी समजत होते. तिने वाटी ठेवली आणि हळूच म्हणाली, "तुमच्या समोरचे आज वर जाऊन बसले."

माझ्या हातातला चमचा पडला. "तुम्हाला... तुम्हाला माहीत होतं?"

"मला काय डोळे नाहीत? दर दोन दिवसांनी कुणाचे काका मरतात?" ती म्हणाली. "खा. गार होतंय."

तेवढ्यात त्याची बायको जवळ आली. काळा पोशाख, केसात पांढरी फीत. मूलबाळ नाही, पाटीवर शोक करणाऱ्यांत तिचं एकटीचं नाव. बाहेर एकही पुष्पचक्र नाही. ऑफिसातून पुष्पचक्र आलं नाही म्हणजे माणसाची काय अब्रू राहते, तुला वेगळं सांगायला नको. ती माझ्यासमोर बसली, त्याच्याच जागेवर.

"ह्यांच्या ऑफिसातून आलात का?"

मी काय सांगणार? की मी परक्यांच्या मयतीत जेवते आणि तुमचा नवराही जेवायचा? मी मान हलवली. हो.

बाई माझ्याकडे बघतच राहिली. तिचा चेहरा इतका बदलला की मी घाबरले. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "दुपारी जेवायला... तुम्ही एकत्र?"

"हो," मी म्हणाले. ते तर खरंच होतं.

इथे उठून यायला हवं होतं. पण हॉलचा मॅनेजर कागद घेऊन आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "बाई, परवा सकाळी निघायचं. शवपेटी उचलायला माणसं तुमची की आमची?" बाईने मान खाली घातली. "आमची कुणी नाहीत," म्हणाली.

आणि कुणीतरी म्हणालं, "ऑफिसातली माणसं येतील. सहा जण."

ताई, ती मी होते! मी, जिला लिफ्टमध्ये 'पाचवा मजला' म्हणायला जीभ उचलत नाही! परवा सकाळी सहा माणसं मी कुठून आणू? मेलेल्या माणसाचं ऑफिस कुठलं हेसुद्धा मला माहीत नाही.

तुझी,
सोल्ही


इंचन
मंगळवार, १२ मार्च

ताई,

कालचं पत्र सकाळी पोस्टाच्या पेटीत टाकलं आणि आता हे दुसरं. घरी आल्यापासून दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा ओतून दिला. माझं काही खरं नाही.

सकाळी आधी दुसरे उपाय करून पाहिले. हॉलच्या मॅनेजरला फोन करून म्हटलं, तुमची माणसं द्या, पण त्यांना ऑफिसातली असल्यासारखं वागायला सांगा. तो म्हणाला, "बाई, आमच्या माणसांच्या पाठीवर हॉलचं नाव छापलेलं असतं." मग योमसाहेबांच्या ऑफिसचा पत्ता लागतो का म्हणून मावशीला गाठलं. ती कांदे चिरत होती.

"ऑफिस?" ती म्हणाली. "सकाळी दहाला यायचा कधीकधी. बाहेर बाकावर पेपर वाचत बसायचा. ऑफिस असलेला माणूस दहाला बाकावर बसतो का?"

मी तिथेच एका पोत्यावर बसले. त्याला ऑफिसच नव्हतं. म्हणजे त्या बिचारीच्या नवऱ्याने तिला रोज थाप मारली, आणि त्या थापेवर मी काल वरून शिक्कामोर्तब केलं. आता उद्या सकाळी कुणी आलं नाही तर तिला काय कळेल? की नवऱ्याला मेल्यावरही ऑफिसातलं कुत्रं विचारत नाही. हे माझ्यामुळे. मी काल तोंड उघडलं नसतं तर हॉलच्या चार माणसांनी गुपचूप पेटी नेली असती आणि कुणाची वाट बघायची वेळ तिच्यावर आली नसती.

तेव्हा एकच उपाय उरला.

बाराला दहा कमी. "चला, जेवायला." आज मी उठले आणि सगळ्यांबरोबर निघाले. बोंगबाईंना केवढा आनंद! "दाढ बरी झाली वाटतं!" प्योसाहेबांनी सगळ्यांना टोफूचं तिखट कालवण मागवलं आणि माझ्याकडे बघून, "हिला पेज." आठ महिने मी त्यांच्यात जेवायला असले की माझ्यासाठी पेज मागवतात. माझी दाढ दुखते ना! आणि मी आठ महिने ती पांचट पेज गिळते.

चमचे मांडून झाले, पाणी ओतून झालं. साहेबांनी पहिला घास घेतला की मग बोलायचं असं ठरवलं होतं. तो घेतला. मी म्हणाले, "मला बोलायचंय."

ताई, दहाच्या दहा माना माझ्याकडे वळल्या. सहा वर्षांत त्या टेबलावर मी आपणहून काढलेलं हे पहिलं वाक्य होतं.

"माझी दाढ दुखत नाही. कधीच दुखत नव्हती." मग सगळंच बाहेर पडलं. मयतीचा हॉल, रिकाम्या खोल्या, तो माणूस, त्याची बायको, सहा माणसांचं वचन. मी पेजेच्या वाडग्याकडे बघून बोलत होते, त्यामुळे तोंडं कशी झाली ते मला दिसलं नाही. मध्येच प्योसाहेबांनी चमचा खाली ठेवल्याचा आवाज आला. त्यांनी ठेवला म्हणजे सगळ्यांनी ठेवले. एकामागून एक, ठक, ठक, ठक.

सगळ्यांत आधी बोंगबाई बोलल्या. "म्हणजे आठ महिने आम्ही उगाच पेज मागवली?"

"हो."

"मी तुला लवंगेचं तेल आणून दिलं होतं! आईकडून! सोलहून!"

"हो. ते... माझ्याकडे आहे अजून."

"आमच्याबरोबर जेवायला नको म्हणून तू प्रेतांबरोबर जेवत होतीस?" हे असं ऐकल्यावर मला स्वतःलाच शिसारी आली. मी म्हटलं, "प्रेतं बाहेर नसतात, पेटी वेगळीकडे असते." हे मी का म्हटलं, देव जाणे.

कुणी हसलं नाही. साहेब उठले. कोट घेतला आणि कॉफी न घेता, कुणाकडे न बघता बाहेर गेले. कॉफी न घेता! मी या कंपनीत लागल्यापासून हे कधी झालेलं नाही. बाकीचे एकेक करून उठले. कालवण तसंच राहिलं. शेवटी मी आणि माझी पेज.

दुपारभर ऑफिसात कुणी माझ्याशी बोललं नाही. इतकी वर्षं मी जे मागत होते ते मला एकदम मिळालं, आणि मला ढसाढसा रडू येत होतं. उद्या तिथे मी एकटीच उभी राहणार. मग राजीनामा द्यायचाच आहे, तो मी लिहूनही ठेवला आहे.

तुला एक सांगायचं राहिलं आहे. आईच्या सत्तरीच्या जेवणातून मी उठून गेले, गाडीत जाऊन बसले, आणि तू काचेवर हात आपटून म्हणालीस, "तुला आमची लाज वाटते." लाज नव्हती गं. साठ माणसं, तो गाण्याचा माईक, प्रत्येक मामी विचारतेय लग्न कधी. मी फक्त थोडा वेळ कान मिटून बसले होते, परत येणार होते. तू ते ऐकून घेतलं नाहीस आणि मीही धडपणे सांगितलं नाही. आज दहा जणांना सांगितलं आणि त्यांनाही कळलं नाही. तेव्हा दोष माझ्या सांगण्यातच असणार.

सोल्ही


इंचन
शनिवार, १६ मार्च

ताई,

काल तुझा फोन आला. दोन वर्षांनी तुझं नाव फोनवर दिसलं तर मी उभी होते ती खालीच बसले. आणि तू पहिल्याच वाक्यात ओरडलीस, "परक्याच्या मयतीत जेवतेस? अगं घरात शिरण्याआधी मीठ तरी उडवतेस का अंगावर?" मग दुसऱ्या वाक्यात, "ती माणसं आली का नाहीत ते सांग!" आणि मी 'अं, अं' करेपर्यंत तुझं कालवण करपलं आणि तू फोन ठेवलास. मला फोनवर सांगता येत नाही, तुला माहीत आहे. म्हणून लिहिते.

बुधवारी उजाडता उजाडता मी हॉलमध्ये पोचले. काळा कोट, खिशात राजीनामा. मनात वाक्य घोकत होते: 'बाई, माझी चूक झाली, कुणी येणार नाही.' जिना उतरून कोपऱ्यावर वळले आणि तिथेच थबकले. मला वाटलं, मी पुन्हा भलत्याच खोलीकडे आले.

दारात चपला. चपलाच चपला. आणि दाराला टेकून उभं केलेलं पांढऱ्या शेवंतीचं पुष्पचक्र, माणसापेक्षा उंच, फितीवर आमच्या बॉयलर कंपनीचं नाव.

आत सगळे होते. सगळेच्या सगळे! बोंगबाई मावशीच्या हाताखाली वाट्या मांडत होत्या. आणि फोटोसमोर प्योसाहेब कपाळ जमिनीला टेकवून वाकले होते. ते उठले, योमबाईंकडे वळले, त्यांना रीतसर नमस्कार केला आणि त्या जाड आवाजात, ज्या आवाजाचा मी रोज दुपारी तिरस्कार करत आले, म्हणाले, "यायला उशीर झाला, माफ करा. जेवणाच्या सुट्टीत योमसाहेबांसारखा शांत माणूस आम्ही दुसरा पाहिला नाही."

मी त्यांना असं काही बोलायला सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. मी चपला काढल्या आणि आत गेले.

निघायच्या आधी सगळ्यांना रस्साभात दिला. साहेब येऊन माझ्यासमोर बसले, कोपऱ्यात. मी खिशातला लिफाफा चाचपला. म्हटलं, आत्ताच देऊन टाकावा.

"काल दुपारी मी पुष्पचक्र सांगायला गेलो होतो," ते रश्श्यात भात कालवत म्हणाले. "फुलवाला दुपारनंतर घेत नाही उद्याचं."

"साहेब, मी..."

"तुला काय वाटतं, मला रोज अकरा जणांची वरात घेऊन जेवायला जायला आवडतं?"

माझा हात खिशातून बाहेर आला. "नाही आवडत?"

"मी घरी टीव्ही बंद करून जेवतो. आधीचे प्रमुख न्यायचे सगळ्यांना. मी नेलं नाही तर म्हणतील, माणूसघाणा आहे. शिवाय मी उठलो नाही तर तुम्ही सगळे उपाशी बसाल."

पलीकडच्या टेबलावरून बोंगबाई फिस्कारल्या, "अहो साहेब! आम्ही तुमच्यासाठी येतो! मला तर त्या टोफूच्या वासाने मळमळतं!"

मग एकेकाचं बाहेर यायला लागलं. एकाला गाडीत डुलकी काढायची असते. एकीला नदीकाठी चालायचं असतं. मयतीच्या खोलीत, हलक्या आवाजात, आपण इतकी वर्षं एकमेकांसाठी जेवायला जातोय या समजुतीत प्रत्येक जण कसा पिडला गेला, हे आम्ही एकमेकांना सांगत होतो. मावशी भांडी उचलता उचलता म्हणाली, "मेल्या माणसाचा तरी मान ठेवा, दात काय काढताय." आम्ही गप्प झालो. लिफाफा माझ्या खिशातच राहिला.

सहा जणांनी पांढरे हातमोजे घातले. साहेब पुढे होते. मी मागून चालत होते आणि कशी कुणास ठाऊक, पण पेटी जराही न हलता गाडीत गेली. मला वाटलं, संपलं. थाप निभावली, बाईची अब्रू राहिली, आता मी घरी जाऊन झोपणार.

योमबाई गाडीत चढायच्या आधी माझ्याकडे आल्या. मला दंडाला धरून भिंतीकडे नेलं. त्यांचा हात गार होता.

"मुली, आता खरं बोलू या," त्या म्हणाल्या. "ह्यांना ऑफिस नव्हतं."

म्हणजे बाईंना ठाऊक होतं!

"सहा वर्षांपूर्वी काढलं त्यांना कामावरून. मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. त्यांना वाटायचं, मला माहीत नाही. मग मीही माहीत नसल्यासारखी राहिले. सकाळी कोटाला इस्त्री करून द्यायची. परवा तू 'ऑफिसातून' म्हणून मान हलवलीस ना, तेव्हा मी हादरले. म्हटलं, मीच तर सहा वर्षं चुकले नाही?"

"काकू, मला माफ करा, मी..."

"थांब. रोज संध्याकाळी मी विचारायची, दुपारी काय जेवलात? बऱ्याच वेळा एकच उत्तर. तिखट मटणाचा रस्सा, भात, शेंगदाणे. मी म्हणायची, असली कसली ही खानावळ, की जेवणावर शेंगदाणे? सोमवारी इथे माझ्यासमोर तेच ताट आलं." त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "इथेच यायचे ना? लोकांच्या मयतीत?"

ताई, काय उत्तर द्यायचं होतं मी? सहा माणसं, पुष्पचक्र, साहेबांचं ते वाक्य, सगळं ज्या गोष्टीवर पांघरूण घालायला आणलं ती गोष्ट या बाईच्या हातात पहिल्या दिवसापासून होती. आणि तिने ते सगळं होऊ दिलं, आमचे नमस्कार घेतले, आमच्या वाट्या भरल्या. गाडीवाला हॉर्न वाजवत होता.

"हो," मी म्हणाले. "मीही येते. मी त्यांच्यासमोर बसायची."

"काही बोलायचे?"

"कधीच नाही."

त्यांनी मान हलवली. मग माझा दंड आणखी घट्ट धरला आणि मला कळलं की इतका वेळ त्या मला खरं जे विचारू बघत होत्या ते आता येणार आहे.

"रोज दुपारी बारा वाजले की मी घरी रडायची. ताट वाढून घ्यायची आणि घास उतरायचा नाही. कुठल्या बाकावर बसले असतील, कुणी हटकलं असेल, तोंड लपवून फिरत असतील. तू समोर बसायचीस. मला खरं सांग. दिसायचे कसे?"

मी आठवलं. घाईघाईत नाही, नीट आठवलं. पाय पसरून बसलेले, कोट काढून शेजारी घडी घातलेला. रस्सा संपवून पेल्यातलं पाणी घोट घोट पिताना डोळे अर्धे मिटलेले. बाहेर कुठल्याशा खोलीतून रडण्याचा आवाज यायचा, आणि आम्ही दोघं आपापल्या शेंगदाण्यांची सालं काढत बसायचो.

"निवांत," मी म्हणाले. "निवांत दिसायचे, काकू. मी दुसरं कुणी इतकं निवांत पाहिलेलं नाही."

बाईंचा हात माझ्या दंडावरून सुटला. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू मी त्यांच्या थोबाडीत मारली होती. मग त्यांच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला, तो रडण्याचा होता की हसण्याचा, मला अजून सांगता येत नाही.

"निवांत!" त्या म्हणाल्या. "मग मी सहा वर्षं कुणासाठी रडत होते?"

आणि गाडीत जाऊन पेटीशेजारी बसल्या.

तुझी,
सोल्ही